अलीशिबेच्या घरातील गाणे
गर्भातले व पाळण्यातले बाळ काय ऐकते?

शास्त्रपाठ : लूक १:५-२५ व १:३९-८०
पूरक वाचन : १ शमुवेल १:९-२:१०, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१५
(शब्बाथशाळेचे शिक्षक, महिला मंडळे व पालक यांच्यासाठी)

लूकाने आपल्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय गाण्यांनी भरून टाकले आहेत. मरीया गाते, जखऱ्या गातो, बेथलेहेमच्या रानात देवदूत स्तवन करतात, आणि मंदिरात शिमोन तान्ह्या येशूला हातांवर घेऊन देवाचा धन्यवाद गातो. आगमनकाळात आपण हे अध्याय दरवर्षी वाचतो, मुलांकडून त्यांवर नाटुकली बसवून घेतो. या पाठात आपण तेच अध्याय जरा निराळ्या बाजूने, म्हणजे त्यांतील बाळांच्या कानांच्या बाजूने, वाचू या.

मरीया गालीलातून निघते, यहूदाच्या डोंगराळ मुलखात येते, जखऱ्याच्या घरात शिरते आणि अलीशिबेला सलाम करते. पुढे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. अलीशिबेच्या उदरातील बाळ उडी घेते. अलीशिबा हे स्वतः सांगते आणि सांगताना आवाजाचा मुद्दाम उल्लेख करते : आधी सलामाचा आवाज तिच्या कानी पडला, मग बाळाची हालचाल झाली (१:४४). तिला तेव्हा कितवा महिना होता? गब्रीएल मरीयेला भेटला तेव्हा अलीशिबेचा सहावा महिना चालू होता (१:३६), आणि मरीया त्यानंतर लवकरच, घाईने, निघाली. आजच्या डॉक्टरी हिशेबाने चोविसाव्या आठवड्याच्या आसपासचा हा काळ होय.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. मूळ ग्रीक भाषेत लूकाने येथे ‘ब्रेफॉस’ हा शब्द वापरला आहे. तोच शब्द तो दुसऱ्या अध्यायात गव्हाणीतील बाळाविषयी वापरतो (२:१२, १६), आणि लोक येशूकडे तान्ही मुले आणीत असत तेथेही वापरतो (१८:१५). तीमथ्याला शास्त्राची ओळख केव्हापासून आहे हे सांगताना पौलानेही हाच शब्द घातला आहे (२ तीमथ्य ३:१५). म्हणजे गर्भातले बाळ, पाळण्यातले बाळ आणि आईच्या कडेवरून येशूकडे आलेले बाळ यांना लूक एकाच नावाने हाक मारतो. आपण मात्र ‘मूल मोठे झाले म्हणजे त्याला शब्बाथशाळेत घालू’ असे म्हणून पाचव्या वर्षापर्यंत निवांत बसतो.

येथे थोडी सावधगिरीही हवी. लूक वैद्य असला तरी हा भाग त्याने वैद्यकशास्त्राचा धडा म्हणून लिहिलेला नाही. योहानाची ती उडी पवित्र आत्म्याच्या कार्याने झाली असे अध्यायच सांगतो (१:१५, ४१). तेव्हा ‘पाहा, बायबल खरे असल्याचे प्रयोगशाळेने सिद्ध केले’ असे वर्गात कोणी सांगू नये. आपला विश्वास प्रयोगशाळेच्या दाखल्यावर उभा नाही, आणि प्रयोगशाळेचे काम आपल्याला दाखला देण्याचे नाही. परंतु ज्या देवाने कान घडवला त्याने तो केव्हा आणि कसा उघडला हे समजून घेण्यात आनंद आहे, आणि आयाबायांना त्याचा उपयोगही आहे.

आता त्या कानाकडे वळू. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात पीटर हेपर या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने ४५० गरोदर स्त्रियांच्या पोटाजवळ निरनिराळ्या उंचीचे स्वर वाजवून बाळ हलते की काय हे सोनोग्राफीवर पाहिले. त्याचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत लवकर दिसलेला प्रतिसाद एकोणिसाव्या आठवड्यातला होता, तोही सेकंदाला ५०० कंपने असलेल्या मध्यम स्वराला. सत्ताविसाव्या आठवड्यात शंभरांपैकी ९६ बाळे खालच्या व मध्यम स्वरांना हलत होती, पण उंच स्वरांना एकही हलत नव्हते. ते उंच स्वर सगळ्या बाळांना ऐकू येऊ लागले तेहतीस ते पस्तीस आठवड्यांच्या दरम्यान. देवाने बाळाचा कान एकदम उघडला नाही. खालच्या व मध्यम स्वरांपासून सुरुवात करून हळूहळू वर नेला.

बाळ ज्या ठिकाणी असते ते ठिकाण काही शांत नाही. आईच्या रक्ताचा सळसळाट, तिच्या हृदयाचे ठोके, आतड्यांची गुरगुर हे सारे तेथे अखंड चालू असते. बाहेरचा आवाज पोटाची भिंत व गर्भजल ओलांडून आत जातो तेव्हा त्यातला बारीक, उंच भाग गळून पडतो व जाड, खालचा भाग पोहोचतो. आपल्या उपासनेतली उपमा द्यायची तर तबल्याच्या जोडीतील डग्गा आत जातो, टाळांचा झणत्कार बहुतेक बाहेरच राहतो. शेजारच्या खोलीत दार लावून कोणी गात असले म्हणजे शब्द कळत नाहीत पण चाल ओळखू येते, तसेच काहीसे समजा. लय कळते, स्वर चढला की उतरला ते कळते, कोठे थांबले ते कळते. म्हणूनच बोलण्यातल्या शब्दांपेक्षा त्यातले गाणे बाळाला आधी भेटते.

आईच्या आवाजाचा मात्र न्यारा मार्ग आहे. तो केवळ हवेतून फिरून येत नाही. तिच्याच हाडामांसातून थेट खाली उतरतो आणि त्यामुळे तो आत इतर सर्व माणसांच्या आवाजांपेक्षा ठळक पोहोचतो. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या वाट्याला जे काही बोलणे-गाणे येते त्यात आई पहिली, बाकीचे जग मागाहून.

याचा परिणाम जन्मानंतर दिसतो काय? हे तपासण्याची युक्ती अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर या दोघांनी १९८० साली फार सुंदर योजली. तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात दूध नसलेली बोंडी दिली आणि कानांवर आवाज ऐकवण्याची सोय केली. बाळे चोखताना मधेमधे थांबतात. त्या थांबण्याचा अवधी एका प्रकारचा असला तर आईचा आवाज लागे, दुसऱ्या प्रकारचा असला तर परक्या बाईचा. थोड्याच वेळात बाळे आपले थांबणे असे बदलू लागली की आईचाच आवाज अधिक वेळा लागावा. बोलता येत नाही, मान धरता येत नाही, पण ‘मला माझी आई ऐकवा’ हे सांगण्याची वाट त्यांनी शोधून काढली!

पुढे १९८६ साली डीकॅस्पर व मेलनी स्पेन्स यांनी आणखी एक पायरी गाठली. काही गरोदर स्त्रियांनी शेवटच्या सहा आठवड्यांत मुलांच्या एका यमकबद्ध गोष्टीचा ठरावीक उतारा रोज दोनदा मोठ्याने वाचला. जन्मानंतर त्या बाळांनी चोखण्याच्या त्याच युक्तीने तो उतारा नव्या उताऱ्यापेक्षा पसंत केला, आणि ऐकवणारी बाई आई नसून दुसरी असली तरीही पसंत केला. अर्थ त्यांना कळला होता असे नव्हे. त्यांच्या कानांत राहिला होता तो त्या उताऱ्याचा हेलकावा.

हे झाले वाचनाचे. सुरांविषयी सर्वांत गमतीचा प्रयोग पुन्हा हेपर यांचाच. ‘नेबर्स’ नावाची एक ऑस्ट्रेलियन मालिका ब्रिटनमध्ये घरोघर पाहिली जात असे. ज्या बायका गरोदरपणी ती नेमाने पाहत त्यांच्या नवजात बाळांना त्या मालिकेची सुरुवातीची धून ऐकवली, तेव्हा ती बाळे हालचाल थांबवून सावध होत व त्यांच्या हृदयाची गती बदले. इतर बाळांना त्या धुनेचे काहीच वाटत नसे. म्हणजे आईने बसल्या बसल्या जे ऐकले ते बाळानेही ऐकले; निवड आईची, संगत दोघांची. परंतु त्याच अभ्यासात एक दुसरी बाजूही आढळली, आणि माझ्या मते आपल्या कामासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. जन्मानंतर ती धून पुन्हा कानी पडली नाही तेव्हा एकविसाव्या दिवशी त्या ओळखीची खूण उरलेली दिसली नाही.

याच्या जोडीला फिनलंडमधील हेलसिंकी येथील २०१३ सालचा अभ्यास ठेवावा. तेथे गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा ताऱ्याच्या त्या सर्वपरिचित इंग्रजी बालगीताची चाल आयांनी घरी लावली. जन्मल्यावर, आणि पुन्हा चौथ्या महिन्यात, त्या बाळांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजल्या तेव्हा ओळखीच्या सुरांना त्यांचा प्रतिसाद इतर बाळांपेक्षा अधिक ठळक निघाला. एका ठिकाणी तीन आठवड्यांत विसर, दुसऱ्या ठिकाणी चार महिने ओळख. यांत मोठा विरोध आहे असे नाही. पहिल्या ठिकाणी बाळाचे वागणे पाहिले होते, दुसऱ्या ठिकाणी मेंदू, आणि मेंदू वागण्यापेक्षा अधिक जपून ठेवतो. तरी एवढे खरे की गर्भात पडलेली ओळख कोवळी असते. तिला जन्मानंतर पाणी घालावे लागते. सातव्या महिन्यात महिला मंडळाने घरी येऊन दोन गीते गाइली आणि मग बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत कोणी फिरकले नाही, असे होऊन चालत नाही.

आता पुन्हा जखऱ्याच्या घरात चला. या घरात एक विलक्षण गोष्ट होती व ती वाचताना आपल्या ध्यानात येत नाही. घरधनी मुका होता! मंदिरात दूताचे म्हणणे त्याने मानले नाही तेव्हापासून त्याचे बोलणे बंद झाले होते (१:२०-२२). लोक त्याला खुणांनी विचारीत (१:६२), यावरून त्याला ऐकूही येत नसावे असे पुष्कळ टीकाकारांना वाटते. म्हणजे योहान गर्भात असताना त्या सर्व महिन्यांत त्याच्या बापाचा आवाज त्या घरात एकदाही उठला नाही. आईचा आवाज होता. मरीया आली तेव्हा तिचा सलाम आला, तिचे स्तोत्र आले, आणि ती तीन महिने तेथे राहिली (१:५६) म्हणजे दोन स्त्रियांची रोजची बोलणी आली. पित्याची बाजू मात्र निःशब्द. मग बाळ आठ दिवसांचे झाले, नाव ठेवण्याची वेळ आली, जखऱ्याने पाटी मागून नाव लिहिले आणि त्याची जीभ मोकळी झाली. मग त्या बाळाने आपल्या बापाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो देवाच्या स्तवनात, आणि त्या स्तोत्राच्या मध्यावर बाप थेट बाळालाच उद्देशून गातो (१:७६). कोणत्या बाळाला असे स्वागत मिळाले असेल!

बापांसाठी येथे एक व्यवहारी गोष्ट आहे. १९८४ साली डीकॅस्पर व प्रेस्कॉट यांनी नवजात बाळांना बापाचा व परक्या पुरुषाचा आवाज ऐकवून पाहिला. दोन्हींतला फरक बाळांना कळत होता, पण बापाच्या आवाजाची खास ओढ त्यांनी दाखवली नाही. आईची ओळख बाळ बरोबर घेऊन येते. बापाला ती बाहेर आल्यावर कमवावी लागते. यात बापाने खट्टू होण्याचे कारण नाही. जखऱ्यापाशी तर नऊ महिन्यांची पुंजी मुळीच नव्हती, त्याने आठव्या दिवशी सुरुवात केली. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत बाप, आजोबा व मामा पाळण्याजवळ गाणे म्हणजे कमीपणा समजतात, आणि चर्चमध्ये मात्र गायनमंडळात सगळ्यांच्या पुढे उभे राहतात. असो.

भाषेचा मुद्दा आपल्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. आपल्या मासिकाचे वाचक बेळगाव-निपाणीकडे आहेत, गोव्यात आहेत, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे आहेत. घरात मराठी, अंगणात कन्नड किंवा कोंकणी, हिंदी, गुजराती, तेलुगू. उपासना मराठीत, शाळा इंग्रजीत. ‘आमच्या मुलांना आता मराठी गीते कळत नाहीत’ हे वाक्य या सर्व ठिकाणी ऐकू येते. बाळाची भाषा कोठे सुरू होते ते पाहा. २००९ साली जर्मनीतील काथलीन व्हेर्मके व सहकाऱ्यांनी दोन ते पाच दिवसांच्या तीस फ्रेंच व तीस जर्मन बाळांचे रडणे ध्वनिमुद्रित केले. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुधा खालून वर चढे, जर्मन बाळांचा वरून खाली उतरे. आणि त्या त्या भाषेत बोलण्याची धाटणीही तशीच आहे. बाळ रडते तेही आईच्या भाषेच्या चालीवर! दुसरा अभ्यास २०१० सालचा, कॅनडातील. ज्या आया गरोदरपणी केवळ इंग्रजी बोलत त्यांच्या नवजात बाळांनी इंग्रजी पसंत केली. ज्या आया इंग्रजी व फिलिपाइन्समधील तागालोग या दोन्ही बोलत त्यांच्या बाळांनी दोन्हींत सारखा रस दाखवला, आणि तरीही दोन्ही भाषांत त्यांचा गोंधळ होत नव्हता. तेव्हा बेळगावच्या आईने शेजारणीशी कन्नडात बोलावे आणि पाळण्यापाशी मराठी गीत गावे. बाळ दोन्ही सांभाळून घेते. भय दोन भाषांचे नाही. भय आहे ते घरात मराठी गाणेच उरणार नाही याचे.

हे गाणे एके काळी आपोआप होत असे. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळता दळता ओव्या गात असे आणि पोटात सहा-सात महिन्यांचे बाळ असे. जात्याची घरघर, अंगाचा डोल आणि आईचा गळा हे तिन्ही एकाच लयीत त्याच्यापर्यंत जात. पुणे जिल्हा व आजूबाजूच्या मुलखातून हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, यावरून हा झरा केवढा होता ते कळते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला ओवी-अभंगांच्या वळणाची, देशी चालींची गीते मंडळीला दिली तेव्हा त्यांनी हेच जाणले होते की मराठी माणसाचा कान कोठे घडतो. आपल्या ‘उपासना संगीता’तील कितीतरी गीते त्यांची आहेत व ती पुस्तक न उघडता गाता येतात. जाते आता गेले. पिठाची गिरणी आली आणि तिच्या आवाजात कोणी गात नाही. गेलेले जाते परत आणा असे कोणी म्हणणार नाही. पण स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना गळा मोकळा ठेवायला कोणाची हरकत आहे?

जन्मानंतर संगीत बाळाला काय देते याचे थोडे सांगतो. २००९ साली हंगेरीत झोपलेल्या दोन-तीन दिवसांच्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवून मधूनच समेची थाप गाळली. झोपेतही त्यांच्या मेंदूने ‘काहीतरी चुकले’ अशी नोंद केली. ताल शिकवावा लागत नाही, तो घेऊनच बाळ येते. रडण्याविषयी माँट्रियल येथील २०१६ सालचा प्रयोग आहे. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना आई दिसत नाही अशा स्थितीत अनोळखी भाषेतले, तुर्की, गाणे ऐकवले तर ती सरासरी नऊ मिनिटे न रडता राहिली; नुसते बोलणे ऐकवले, मग ते लाडिक का असेना, तर सुमारे चारच मिनिटे. स्वयंपाकघरातून गुणगुणत पाळण्यातले बाळ शांत ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हे आधीच ठाऊक होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास मात्र विशेष सांगण्याजोगा आहे, कारण तेथे प्रश्न जिवाचा असतो. अमेरिकेत जोआन लोई यांच्या मार्गदर्शनाखाली ११ रुग्णालयांतील २७२ बाळांवर तो झाला व २०१३ साली प्रसिद्ध झाला. ध्वनिफीत न लावता प्रत्यक्ष संगीत वापरले. गर्भातल्या आवाजांसारखा आवाज करणारी दोन साधी वाद्ये आणि त्यांबरोबर आईबापांनी स्वतः निवडलेले, आपल्या घरातले गाणे, अंगाईच्या संथ लयीत. गाण्याने बाळांच्या हृदयाची गती खाली आली, आणि आईबापांच्या मनावरचा ताणही हलका झाला. काचेच्या पेटीतल्या बाळाला हात लावण्याचीही ज्या आईला भीती वाटते, तिला आपल्या हातून काहीतरी होते आहे हा धीर मिळाला. आपल्या मंडळीत असे बाळ जन्मले म्हणजे आपण प्रार्थना करतो, फळे नेतो. डॉक्टरांची परवानगी घेऊन आईला ‘तू त्याच्यापाशी हळू आवाजात तुमचे घरचे गीत म्हण’ एवढे सांगायलाही विसरू नये.

आता एका खुळाविषयी बोलले पाहिजे. बाजारात गरोदर स्त्रियांसाठी संगीताच्या तबकड्या, पोटाला बांधायचे पट्टे, ‘हुशार बाळा’साठी वर्ग यांचा सुकाळ आहे, आणि आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांतही त्यांचा शिरकाव झाला आहे. सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह शिकलेल्या अभिमन्यूची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? गोष्ट म्हणून ती थोर आहे. पण तिचा आधार घेऊन कोणी ‘गर्भातच बाळाला गणित येईल’ असे सांगू लागला तर पैसे देण्याआधी विचार करावा. मोझार्टचे संगीत ऐकून बुद्धी वाढते हा समज १९९३ सालच्या एका लहान प्रयोगातून निघाला. तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, त्यात एकही बाळ नव्हते, आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांत दिसलेला तो फायदा दहा-पंधरा मिनिटे टिकला. तेवढ्यावरून १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची तबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! वर सांगितलेल्या अभ्यासांपैकी एकानेही गाण्याने बाळ हुशार होते असे म्हटलेले नाही. ओळख, सांत्वन आणि जवळीक, एवढेच त्यांनी दाखवले. मला तर तेच पुष्कळ वाटते.

पोटावर इयरफोन लावणे नकोच. आवाज किती जवळून व किती मोठा जातो यावर तेथे कोणाचाच ताबा राहत नाही. मोठ्या आवाजाचे प्रकरण खरोखर काळजीचे आहे. स्वीडनमध्ये सुमारे १४ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१६ साली असे आढळले की ज्या आया गरोदरपणी ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात पूर्णवेळ काम करीत राहिल्या, त्यांच्या मुलांत कानांच्या दोषाचे प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढले. हा हिशेब रोजच्या कामाचा आहे. रविवारच्या तासाभराने असे होते असा त्याचा अर्थ नव्हे. तरीपण आपल्या उपासनेतील ध्वनिक्षेपक, संजीवन सभांच्या मंडपातील भिंतीएवढे कर्णे आणि लग्नाच्या वरातीतील बाजा यांच्या तोंडाशी गरोदर बाई किंवा तान्हे मूल बसू नये, एवढी व्यवस्था पंचकमिटीने करायला काय लागते? पुढच्या रांगेतला मान दुसऱ्या कोणाला द्यावा.

आणखी एक नाजूक बाब. हा पाठ महिला मंडळात घ्याल तेव्हा समोर बसलेल्या बहिणी पाहून घ्या. एखादीचा गर्भ टिकला नसेल. एखादीने त्या महिन्यांत आजारपणामुळे, घरातील भांडणामुळे किंवा नुसत्या थकव्यामुळे एक ओळही गाइली नसेल, आणि आता मुलाचे काही बिघडले की ती स्वतःला दोष देत असेल. बाळंतपणानंतर मन काळवंडून गेलेली आई तर गाऊच शकत नाही. तिला गीतापेक्षा डॉक्टरची, झोपेची आणि मदतीच्या हातांची गरज असते. हन्ना मंदिरात प्रार्थना करीत होती तेव्हा तिचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता (१ शमुवेल १:१३). तिचे गाणे आले ते शमुवेलाचे दूध तोडल्यावर, त्याला मंदिरात पोहोचवल्यावर. त्याआधीचे तिचे गप्प रडणे देवाने ऐकले होते. अलीशिबाही पहिले पाच महिने एकांतात राहिली (१:२४). शिक्षकाने ही दोन वचने आधी वाचून मगच गाण्याचा विषय काढावा.

आणि ज्या बाळाला ऐकूच येत नाही त्याचे काय? हजारी एक ते तीन बाळांना जन्मतःच कानांचा कायमचा दोष असतो. त्याला आईने गाइले नाही हे कारण नसते आणि कोणाचे पापही नसते. योहान ९:३ येथे येशूने असल्या प्रश्नाला काय उत्तर दिले ते काढून पाहावे. असे बाळ छातीशी धरून आई गुणगुणली तर तिच्या छातीचे कंपन त्याला अंगाने कळते. पुढे त्याला खुणांची भाषा येईल, पाटीवर लिहिता येईल. जखऱ्याच्या घरात या दोन्ही रीती चालल्याच होत्या. परंतु दोष लवकर कळणे फार महत्त्वाचे आहे. बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून झोपेतच होणारी, मुळीच न दुखणारी तपासणी आता मोठ्या रुग्णालयांत मिळते. ती पहिल्या महिन्यात व्हावी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान व्हावे आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असा तज्ज्ञांचा नियम आहे. जोराचा आवाज झाला तरी बाळ दचकत नाही, आईच्या हाकेने शांत होत नाही, असे दिसले तर ‘आमच्याकडे मुले उशिराच बोलतात’ असे म्हणत वर्ष घालवू नये.

वर्गासाठी थोडे. मोठ्या मुलांना लूकाचे पहिले दोन अध्याय वाचायला देऊन त्यांत कोण गाते, कोण गप्प आहे आणि ते कोणाच्या कानी पडते याची यादी करायला सांगा. जखऱ्याच्या मौनाचा मुद्दा ती स्वतःच शोधून काढतील. लहानांनी घरी जाऊन आईला किंवा आजीला विचारावे की मी पाळण्यात असताना तुम्ही कोणते गीत म्हणत होता, आणि पुढच्या रविवारी ते येथे म्हणून दाखवावे. त्यांतली काही गीते पाळकांनाही नवी असतील. ती लिहून ठेवा, गाणारी आजी हयात आहे तोवर चाल ध्वनिमुद्रित करून घ्या. ज्या मंडळ्यांत तान्ह्या मुलांची नोंदवही आहे त्यांनी बाळाचे नाव, जन्मतारीख व बाप्तिस्म्याची तारीख यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : कानांची तपासणी झाली काय, आणि कोणत्या तारखेस.